रेव्हरंड टिळकांची पदं तुमच्या तोंडी कशी आली? (अनुभव धागा)

शाळेत 'केवढे हे क्रौर्य' पाठ केलेल्यांना नारायण वामन टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक असतात. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणून माहीत असतात. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना मात्र ते रविवारच्या उपासनेत भेटतात. आमच्या 'उपासनासंगीत' या गीतपुस्तकात त्यांची दोनशेहून जास्त पदं आहेत.

जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर तुटलं. पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला मिशनचं काम, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचं संपादन. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा भक्तसंघ, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ला ते गेले. ख्रिस्त मराठी माणसाला मराठी भजनातूनच भेटला पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी ते अखेरपर्यंत लिहीत राहिले.

तुम्ही ही पदं गायली असतील, वाजवली असतील, नुसती ऐकली असतील, तर लिहा. ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही.

नगर जिल्हा, पेटीवादक

ताई, धागा काढलात, बरं केलंत. मी वडिलांच्या मांडीवर बसून पेटी शिकलो आणि आता मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाजवतो. आमच्या गीतपुस्तकात दोन प्रकारची गीतं आहेत. एक, इंग्रजीवरून भाषांतरित, विलायती चालीची. त्यातली काही सुंदर आहेत, पण परक्या चालीवर मराठी शब्द बसवले की भलत्याच अक्षरावर जोर येतो, ऱ्हस्व अक्षर उगाच ताणावं लागतं. मग पुढचे चार जण गातात आणि मागचे बाक गप्प. टिळकांचं पद सुरू केलं की मात्र कुणी पुस्तक उघडत नाही. अभंग, ओवी, साकी, दिंडी: ही वृत्तं आमच्या म्हाताऱ्यांच्या कानात चर्चमध्ये येण्याआधीपासून होती. तबलजीने भजनी ठेका धरला, एकाने झांज घेतली, की अख्खी मंडळी गाते. टिळक स्वतः कीर्तन करत, हे त्यांच्या ओळीओळीत कळतं. कुठे श्वास घ्यायचा, धृपदावर कुठे परतायचं, सगळं गाणाऱ्याच्या सोयीचं.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना तीन-तीन तास चालते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची पदं एकामागून एक. त्या दिवशी मी पेटीचा भाता अगदी हळू ठेवतो, कारण माणसांचा आवाजच पुरतो.

एक चिंता आहे. माझ्याकडच्या प्रतीत फक्त शब्द आहेत आणि वर वृत्ताचं किंवा चालीचं नाव. चाल कानावरून कानाला आली. ती जाणणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

पुणे, तरुण गायक

काका, मी चर्चमधल्या तरुण 'बँडवाल्यां'पैकी एक. गिटार, कीबोर्ड, ड्रम. स्वतः गाणी लिहितो. आठवडाभर दुसरी नोकरी करतो, कारण उपासनेच्या गाण्यावर घर चालत नाही. आमच्या तरुणांच्या सभेत हिंदी आणि इंग्रजी गाणीच जास्त. मराठीत लिहायला बसलो तेव्हा पहिली कित्येक गाणी हिंदी गाण्यांच्या सावलीसारखी झाली. मग एका पाळकसाहेबांनी टिळकांच्या अभंगांचं पुस्तक 'अभंगांजली' हातात दिलं आणि म्हणाले, आधी हे मोठ्याने वाच.

त्यातून शिकलो ते असं: देवाशी बोलताना टिळक मोठमोठे शब्द वापरत नाहीत. कधी आईशी बोलावं तसं बोलतात, कधी हट्ट धरतात, भांडतात. आमच्या गाण्यांत 'महान', 'सामर्थ्यवान', 'विजयी' यांची गर्दी असते. आता मी एक ओळ लिहिली की विचारतो, हे आजी स्वयंपाक करताना म्हणेल का? जुन्या अभंगांना गिटारही चालते, फक्त ठेका भजनी ठेवावा लागतो. तो बदलला की शब्द पळतात.

आळंदीजवळून, वारकरी

आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. नाताळात त्यांच्याकडे भजन होतं. मी दिंडीत टाळ वाजवणारा, सहज टाळ घेऊन बसलो. पहिल्याच पदात हात आपोआप पडायला लागला. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तुकोबांचाच साचा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत, हे त्या रात्री शेजाऱ्यांकडून कळलं. मी माझ्या विठ्ठलापाशीच आहे, पण टाळ दरवर्षी नेतो.

एडिनबरा

नोकरीसाठी इथे आले. रविवारी जवळच्या चर्चमध्ये जायला लागले. तिथल्या एका आजींना मी महाराष्ट्रातली आहे हे कळल्यावर त्यांनी घरून जुनं गीतपुस्तक आणून एक पान दाखवलं. इंग्रजी गीत, खाली कवीचं नाव: नारायण वामन टिळक. भाषांतर निकोल मॅक्निकल यांचं, जे पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी. मी गुरूच्या शाळेत बसायलाही लायक नाही, तरी त्यानं मला शिकवायला घेतलं, असा भाव. आजींना ते लहानपणापासून पाठ होतं. लिहिणारा मराठी आहे याकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. इतकी वर्षं गाणी तिकडून इकडे आली असं ऐकत होते. हे एक इकडून तिकडे गेलेलं पाहून मला फार अभिमान वाटला.

वसई

आम्ही कॅथलिक, आमची गीतपुस्तकं वेगळी. वडील सांगतात, १९६०च्या दशकापर्यंत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होती. मराठीत प्रार्थना सुरू झाल्यावर गायनमंडळांना मराठी गीतांची निकड लागली. फादर स्टीफन्स यांनी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच छापलं गेलं होतं, म्हणजे वाट जुनीच.

सोलापूर

पेटीवाले काका, तुमच्याकडे साकीत म्हणतात त्यांतली काही पदं आमच्याकडे दिंडीच्या चालीवर ऐकली आहेत. माझी आत्या ८४ वर्षांची आहे, आवाज अजून खणखणीत. येत्या रविवारी मोबाइलवर रेकॉर्ड करते. तुम्ही तुमची चाल टाका, मी आमची टाकते. पदाचा क्रमांक आणि गावाचं नाव सुरुवातीला मोठ्याने सांगा, म्हणजे नंतर गोंधळ होणार नाही.