लायब्ररी निवडताना आधी उद्दिष्टांचा आराखडा हवाच

धागाकर्ता:
सॉफ्टवेअर बनवताना तयार कंपोनंट, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोडचा भाग किंवा लायब्ररी, निवडायचा म्हटलं की बहुतेक टीम फीचर्सचा तक्ता मांडतात. ज्याच्यापुढे जास्त खुणा, तो जिंकला. मला हे उलटं वाटतं. आधी 'गोल मॉडेल', म्हणजे उद्दिष्टांचा आराखडा, काढा: काय साधायचंय, कशासाठी, आणि कोणती उद्दिष्टं एकमेकांच्या आड येतात; कशाचा कशावर परिणाम, ते बाणांनी दाखवा. वेग, सुरक्षितता, देखभालीची सोय ही 'सॉफ्टगोल', म्हणजे कमी-अधिक प्रमाणात साधणारी उद्दिष्टं, 'हो' की 'नाही' अशा उत्तरात बसत नाहीत. एकच कंपोनंट एकाला हातभार लावतो आणि दुसऱ्याला मारक ठरतो.

एरियन ५ हे युरोपचं रॉकेट आठवा. ४ जून १९९६ला रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. आधीच्या एरियन ४ रॉकेटचं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर तसंच उचललं होतं आणि ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. मला सर्वांत अस्वस्थ करतं ते हे, की कोडच्या त्या भागाचं एरियन ५मध्ये उड्डाणानंतर काही कामच नव्हतं! 'हा कशासाठी चालू आहे?' एवढं विचारायला हवं होतं.

अर्धविराम:
असहमत. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून चाचणी घेतली असती तरी तो दोष सापडला असता. शिवाय मॉडेलमधले बाण ठरवतं कोण? मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा, तो. लायब्ररी आधीच मनात ठरलेली असते, मॉडेल मागाहून तिच्या मापाचं काढतात. त्यापेक्षा मी दोन लायब्रऱ्या खऱ्या डेटावर चालवून बघेन.

धागाकर्ता:
चालवून बघाल, पण मोजाल काय? मेमरी, प्रतिसादाचा वेळ की बिघाडानंतर सावरणं? ते उद्दिष्टांवरूनच ठरतं.

तळटीप:
दोघांनाही लॉग४जे या जावा प्रोग्रॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण देतो. काम काय, तर नोंदी ठेवणं. पण नोंदीतला मजकूर वाचून बाहेरच्या सर्व्हरकडे धाव घेण्याची सोय त्यात २०१३पासून होती, आणि डिसेंबर २०२१मध्ये तिचा धोका जगजाहीर झाला. आपल्याला काय हवंय ते मॉडेल सांगतं. कंपोनंट त्याहून जास्तीचं काय करतो, ते कोण सांगणार?

धागाकर्ता:
मॉडेलच सांगतं, नीट वापरलं तर. कंपोनंटची प्रत्येक सोय उद्दिष्टाला जोडत जा. जी कशालाच जोडली जात नाही, ती बंद करा. बंद होत नसेल तर कंपोनंट बदला. 'काओस' या गोल मॉडेल काढण्याच्या पद्धतीत तर उद्दिष्टात येणारे अडथळेही मांडतात.

अर्धविराम:
जोडायला ती सोय आधी माहीत हवी ना? त्यासाठी कोड उघडावा लागतो, आणि तो वेळ तुम्ही आराखड्यावर घालवलेला असतो.