मेल येतात पण जात नाहीत (डायल-अप, आउटलुक एक्सप्रेस)

प्रूफवाली_दादर

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मी घरून प्रुफं वाचायचं आणि पानं लावायचं काम करते, राहायला दादरला, प्रेस पुण्यात. घरी डायल-अपच आहे (फोनच्या लाइनवरून नंबर लावून मिळणारं नेट), बिल्डिंगमध्ये केबलवाला नेट आणतो आणतो म्हणतोय पण नुसतं म्हणतोच. विंडोज ९८, मेलसाठी आउटलुक एक्सप्रेस. जुन्या नेट-कंपनीचं अकाउंट अजून चालू आहे पण संध्याकाळी नंबर लागतच नाही, कायम एंगेज, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून दुसऱ्या एका कंपनीचं १०० तासांचं नेटचं कार्ड घेतलं. ते पटकन लागतं. मेल-आयडी मात्र जुनाच ठेवलाय, सगळ्या प्रेसवाल्यांकडे तोच आहे, आता बदलायचा म्हणजे कटकट.

तर झालंय असं की नवीन कार्डावरून मेल येतात व्यवस्थित, पण पाठवायला गेलं की आउटबॉक्समध्ये बसून राहतात. गंमत म्हणजे माझ्या मामेभावाला केलेली मेल बरोबर जाते (त्याचा आयडी माझ्याच जुन्या कंपनीचा), प्रेसला जात नाही. आणि कधीकधी सेंड-रिसीव्ह दोनदा लागोपाठ दाबलं की दुसऱ्यांदा प्रेसलाही जाते! मग परत नाही. भावाचं म्हणणं लाइनमध्ये खरखर आहे म्हणून. दिवाळी अंकाची पानं अंगावर आहेत, सीडी घेऊन एशियाड बसने पुण्याला जायची वेळ आणू नका.

रिकामटेकडा

विंडोज फॉरमॅट मारून परत टाका. ९८ ला दुसरा उपाय नाही.

तारयंत्र

काहीही फॉरमॅट करू नका हो ताई, दिवाळी अंक जाईल त्यात. मेल अडकते तेव्हा आउटलुक एक खिडकी दाखवतं, त्यात खाली तपशील असतो, सर्व्हर रिस्पॉन्स म्हणून. तो जसाच्या तसा इथे टाका. आणि अकाउंटच्या सेटिंगमध्ये आउटगोइंग मेल सर्व्हरच्या चौकटीत कोणत्या कंपनीचं नाव आहे, जुन्या की नव्या?

प्रूफवाली_दादर

बघितलं. लिहिलंय की एक रेसिपियंट सर्व्हरने नाकारला, मग प्रेसचा पत्ता, मग रिलेइंग डिनाइड, पोर्ट २५, सर्व्हर एरर ५५०. आणि दोन्ही चौकटींत जुन्याच कंपनीचं नाव आहे, इनकमिंगला पण आणि आउटगोइंगला पण. आयडी जुना म्हणजे सर्व्हरही जुनाच ना?

तारयंत्र

सापडलं. लाइनचा काही संबंध नाही, खरखरीने ५५० येत नाही. लाइन तुटली तर कनेक्शन तुटल्याचा नाहीतर टाइमआउटचा एरर येतो. ५५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने तुमचं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग नाही म्हणाला.

आता का नाही म्हणाला ते. मेल आणताना (पॉप) तुम्ही युजरनेम पासवर्ड देता, त्यामुळे तुम्ही जगात कुठूनही, कुणाच्याही लाइनवरून आलात तरी तुमची पेटी उघडते. पाठवताना (एसएमटीपी) जुन्या पद्धतीत पासवर्ड विचारतच नाहीत. मग ओळखायचं कसं, तर तुम्ही कुठल्या आयपी नंबरवरून (नेट लागल्यावर तुमच्या कॉम्प्युटरला मिळतो तो पत्ता) आलात त्यावरून. कंपनीच्या स्वतःच्या मोडेमवर डायल केलं असेल तर कंपनीचाच आयपी मिळतो, सोसायटीचा वॉचमन तोंडओळखीवर सोडतो तसं सोडतात. तुम्ही दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावून आलात की त्यांच्या दृष्टीने परक्या, आणि परक्याची मेल तिसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे रिले, ते बंद.

मामेभावाचं कोडं इथेच सुटतं. त्याची पेटी त्याच सर्व्हरची, त्याला मेल देणं हा रिले नाहीच, ती डिलिव्हरी. जगातून कुणीही त्यांच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवू शकतो, नाहीतर तुम्हाला प्रेसची मेल आली असती का.

दुसऱ्यांदा दाबल्यावर जाते त्याचं कारण तर मस्त आहे. काही कंपन्या असं करतात की तुम्ही पासवर्ड देऊन मेल आणलीत की पुढची काही मिनिटं तुमच्या त्या आयपीवरून पाठवायलाही परवानगी. पॉप बिफोर एसएमटीपी म्हणतात त्याला. पण आउटलुक एक्सप्रेस सेंड-रिसीव्ह दाबल्यावर आधी सेंड करतं आणि मग रिसीव्ह! म्हणजे पहिल्या खेपेला पाठवायला जातं तेव्हा तुम्ही परक्या, मग मेल आणतं तेव्हा ओळख पटते, आणि लगेच परत दाबलंत की मेल जाते. चहा टाकून आलात की मुदत संपलेली. लाइन कट होऊन परत लागली तर आयपी बदलतो, तेव्हाही ओळख गेली.

आता करायचं काय. सगळ्यात सोपं म्हणजे टूल्स, अकाउंट्स, मेल, तुमचं अकाउंट, प्रॉपर्टीज, सर्व्हर्स आणि तिथे फक्त आउटगोइंगच्या चौकटीत नवीन कार्डवाल्यांच्या एसएमटीपी सर्व्हरचं नाव टाका. नाव कार्डाच्या मागे नाहीतर सोबतच्या कागदावर असतं, नसलं तर त्यांच्या हेल्पलाइनला विचारा. इनकमिंगला हात लावू नका. आयडी तुमचा तोच राहतो, प्रेसवाल्यांना फरक कळत नाही, त्यांनी रिप्लाय केला की जुन्याच पेटीत येतो. पाठवायचा सर्व्हर हा तुम्ही ज्याच्या लाइनवर बसलाय त्याचा असतो, आयडी कुणाचा आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. फक्त काही जण दुसऱ्याच्या डोमेनचा आयडी फ्रॉममध्ये चालवून घेत नाहीत, तसं झालं तर पुढचा उपाय.

पुढचा उपाय म्हणजे जुनाच सर्व्हर ठेवा पण त्याच पानावर खाली माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन असं आहे त्यावर टिक मारा. मग पाठवतानाही पासवर्ड जातो आणि आयपीचा प्रश्नच मिटतो, अर्थात त्यांनी ती सोय ठेवली असेल तर.

तेवढ्यापुरतं आज रात्री काम भागवायचं असेल तर सेंड-रिसीव्हच्या बटणाशेजारी बारीक बाण आहे, त्यात आधी रिसीव्ह ऑल, मग लगेच सेंड ऑल.

जुनाखोंड

वरचं सगळं बरोबर, थोडी भर घालतो.

ही कटकट पूर्वी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांना इंटरनेट दिलं तेव्हा आमच्यासारख्यांकडे शेल अकाउंट, काळा पडदा आणि नुसती अक्षरं. मेल लिहायचा प्रोग्रॅम त्यांच्याच मशीनवर चालायचा, घरचा कॉम्प्युटर फक्त कीबोर्ड आणि पडदा. त्यामुळे पाठवणारा परका हा प्रकारच नाही. आणि एसएमटीपी मुळात १९८२ चं, आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे नेटच्या नियमांचा कागद), तेव्हा नेटवर सगळी विद्यापीठं आणि संशोधनवाली मंडळी, कुणीही कुणाचीही मेल पुढे ढकलून द्यायचा, त्याला भलेपणा समजायचे. मग स्पॅमवाल्यांनी त्या भलेपणाची वाट लावली. सेंडमेल या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅमने १९९८ मध्ये ८.९ आवृत्तीपासून रिले मुळातच बंद ठेवून द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आरएफसी २४७६ आलं, त्यात गिऱ्हाइकांनी मेल सोपवायला वेगळं पोर्ट (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) दिलं, ५८७. २५ नंबर सर्व्हरनी आपापसात बोलायला.

हे सांगायचं कारण, काही डायल-अपवाले आता स्वतःच्या सर्व्हरशिवाय बाहेर कुठेही पोर्ट २५ ने जाऊच देत नाहीत, स्पॅम थांबवायला. तिथे ५५० येत नाही, कनेक्टच होत नाही. ताईंना ५५० येतंय म्हणजे २५ उघडं आहे. पण उद्या बंद झालं तर प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर २५ च्या जागी ५८७ टाकून बघायचं. एसएसएलची (कनेक्शन सांकेतिक करायची) टिक कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नका, ऑथेंटिकेशनची टिक वेगळी आणि ही वेगळी, लोक दोन्ही लावतात आणि मग आणखी तिसराच एरर घेऊन येतात.

ऑथेंटिकेशनची सोय आहे की नाही हे हेल्पलाइनवरच्या पोराला विचारून उपयोग नाही, तो रीस्टार्ट करा म्हणेल. स्वतः बघा. डायल करून नेट लावा, स्टार्ट, रन, तिथे टेलनेट (सर्व्हरशी थेट अक्षरांत बोलायचा प्रोग्रॅम), मग स्पेस देऊन आउटगोइंग सर्व्हरचं नाव, स्पेस, २५. खिडकीत २२० ने सुरू होणारी ओळ आली की सर्व्हर बोलतोय. मग इंग्रजीत ईएचएलओ (मेल सर्व्हरला करायचा नमस्कार), स्पेस, काहीतरी एक नाव, एंटर. टाइप केलेलं दिसणार नाही, घाबरू नका, जातंय बरोबर (९८ मध्ये टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये लोकल एको चालू केलं की दिसतं). उत्तरात २५० च्या चारपाच ओळी येतील, त्यात ऑथ असं दिसलं की सोय आहे, ती टिक मारा. नाही दिसलं तर टिक मारून फायदा नाही. क्विट टाइप करून बाहेर या.

प्रूफवाली_दादर

सगळ्यांचे आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आउटगोइंगला नवीन कार्डवाल्यांचं नाव टाकलं आणि साध्या मेल सगळ्या सुटल्या, आउटबॉक्स रिकामा! टेलनेटपण करून बघितलं, जुन्या सर्व्हरच्या यादीत ऑथ दिसलं नाही.

पण आता पानांची फाइल जात नाहीये. दीड एमबीची आहे. पट्टी पुढे सरकते, मध्येच विचारतं की सर्व्हर ६० सेकंद बोलत नाहीये, थांबू की बंद करू. एकदा गेली तर प्रेसचा फोन आला की तीच फाइल तीनदा आलीये, आमचा मेलबॉक्स भरला. मोडेम ५६ के चा आहे हो, दीड एमबीला इतका वेळ?

मोडेमपुराण

ताई, ५६ के हे फक्त येणाऱ्या बाजूला. व्ही.९० (म्हणजे ५६ के वाला) मोडेम पाठवताना जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस (हे बिट, ८ बिटचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला ४ केबीच्या थोडं वर. त्यात अटॅचमेंट जशीच्या तशी जात नाही, मेलमधून फक्त अक्षरं जातात म्हणून फाइलच्या दर ३ बाइटची ४ अक्षरं करतात (बेस ६४), ओळी तोडण्यासकट साधारण ३७ टक्के फुगते. तुमची दीड एमबी झाली दोनच्या वर. लाइन चांगली असली तरी आठ मिनिटं गेलीच, पावसात बिल्डिंगखालच्या फोनच्या डब्यात पाणी मुरलं की मोडेम स्वतःच वेग उतरवतो, मग दहा धरा. टास्कबारवर दोन चिमुकले टीव्ही असतात तिथे माउस नेला की जो आकडा दिसतो तो येण्याचा वेग, त्यावरून हिशोब करू नका.

तीनदा का गेली: फाइल पूर्ण पोचल्यावर सर्व्हर ती घेतो, व्हायरसबियरस तपासतो आणि मग २५० म्हणजे मिळाली असं उत्तर देतो. तो तपासत बसला की तुमच्याकडे मिनिट संपतं, आउटलुक समजतं गेली नाही, मेल आउटबॉक्समध्येच ठेवतं आणि पुढच्या वेळी परत पाठवतं. तिकडे मात्र ती पोचलेली असते. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर सर्व्हर टाइमआउटची पट्टी आहे, ती उजवीकडे टोकाला ओढा, ५ मिनिटं होतात. आणि तुमच्या अँटिव्हायरसमध्ये जाणाऱ्या मेल तपासायचं चालू असेल तर तो मध्ये बसून मेल आधी स्वतः गिळतो, पट्टी झरझर सरकते आणि मग तासभर काहीच हलत नाही असं वाटतं. ते बंद करून बघा, येणाऱ्या मेलचं राहू द्या.

त्याच टॅबवर ब्रेक अपार्ट मेसेजेस म्हणून आहे, मोठी मेल तुकड्यांत पाठवायची सोय. मोह होईल, नका करू. प्रेसवाले वेबवर मेल बघत असतील तर त्यांना नुसता अक्षरांचा चिखल दिसेल आणि ते तुम्हालाच फोन करतील.

त्यापेक्षा झिप करा. चित्राची फाइल टिफ असेल तर चांगली दबते, जेपीजी दबत नाही, ती आधीच दाबलेली असते. आणि पानं एकगठ्ठा न पाठवता आठ-आठ पानांच्या वेगळ्या मेल करा, मध्ये लाइन गेली तर तेवढीच परत जाईल. एसएमटीपीत अर्धी गेलेली मेल पुढून सुरू होत नाही, पहिल्यापासूनच.

प्रूफवाली_दादर

टाइमआउट वाढवला, अँटिव्हायरसचं ते बंद केलं. आता एकच राहिलं, मध्येच लाइन तुटते, विशेषतः संध्याकाळी. आतल्या खोलीत त्याच लाइनवरचा पॅरलल फोन आहे.

मोडेमपुराण

पॅरललचा रिसीव्हर कुणी उचलला की संपलं, त्याला औषध नाही, फाइल जाताना तो प्लगमधून काढून ठेवा. सासूबाईंना आधी सांगून. कॉल वेटिंग असेल तर ते बंद करून घ्या, दुसऱ्या फोनची बीप वाजली की मोडेमला वाटतं कॅरिअर (पलीकडच्या मोडेमचा सूर) गेला. बंद करायचं नसेल तर कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्ट्रा सेटिंग्ज, तिथे इंग्रजीत एस१०=५० टाका. कॅरिअर गेल्यावर किती वेळ धीर धरायचा ते एस१० सांगतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. बऱ्याच मोडेमवर ते १४ असतं म्हणजे दीड सेकंदसुद्धा नाही, ५० केलं की ५ सेकंद, बीप तेवढ्यात निघून जाते.

रिकामटेकडा

एवढ्यात विंडोज टाकून झालं असतं.

प्रूफवाली_दादर

@रिकामटेकडा तुम्ही या की घरी टाकायला, फ्लॉपी तयार ठेवते :)

एस१० केलंय. पहिली आठ पानं झिप करून गेली, प्रेसने एकदाच आली म्हणून सांगितलं. एक विचारायचं राहिलं, जुना नंबर लागला आणि त्या लाइनवर बसले तर आउटगोइंग परत बदलायचं का?

तारयंत्र

हो, जुन्या लाइनवर असाल तेव्हा जुना सर्व्हर. दर वेळी खोडत बसू नका, त्याच आयडीचं दुसरं अकाउंट बनवून ठेवा, फक्त आउटगोइंग वेगळं. दोघांना नावं द्या, घर जुनं आणि घर कार्ड, मेल लिहिताना वर फ्रॉमच्या चौकटीतून निवडता येतं. दुसऱ्याचं सेंड-रिसीव्हमध्ये सामील करायची टिक काढून टाका म्हणजे एकच पेटी दोनदा तपासत बसणार नाही.