आयर्लंड, जून महिना आणि सोबत माळकरी आई-वडील: कसं जमवावं?

मांजराकाठ (लातूर)
येत्या जूनमध्ये आई-दादांना घेऊन दहा दिवस आयर्लंडला जायचं ठरतंय. दोघंही माळकरी, वय साठीच्या पुढे, पण चालायला खणखणीत. जिथे वाचावं तिथे एकच, की आयर्लंडची खरी मजा पबमध्ये. मग दारूच्या वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्यांनी तिथलं गाणं-वाजवणं आणि पाहुणचार कुठे अनुभवायचा? गाडी मी चालवीन. उत्पन्न शेतीचं आहे, तर व्हिसाला कागद कोणते लागतील? आणि डब्लिन, मोहरचे कडे, केरी, उत्तरेतला जायंट्स कॉजवे एवढं दहा दिवसांत बसेल का?

देवगिरी_९
आधी व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तेव्हा युरोपचा व्हिसा तिथे चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून ऑनलाइन अर्ज करता येतो. तो भरला की शेवटी निघणारा सारांशाचा कागद छापून सही करायची आणि ३० दिवसांच्या आत सगळ्या कागदांसोबत द्यायचा. एकेरी प्रवेशाची फी ६० युरो.

सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, आणि शेतकरी कुटुंबाचं घोडं इथेच अडतं. सोयाबीन विकलं की खात्यात एकदम मोठी रक्कम येते. ती कुठून आली याचा कागद नसेल तर कुणाकडून तरी उसनी आणून दाखवलीय असा संशय येतो. म्हणून त्याच तारखेची आडतीची पट्टी जोडा. सातबारा, आठ-अ आणि पट्टी, तिन्हींचं इंग्रजी भाषांतर हवं. नुसता मराठी कागद धरत नाहीत. जुने पासपोर्टही द्या.

कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतो. सीमेवर कुणी अडवत नाही, पण म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. भारतीयांसाठी ब्रिटन-आयर्लंड संयुक्त योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' ही अक्षरं असतील तर तोच व्हिसा दोन्हीकडे चालतो. अट एकच: ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. त्यामुळे जाताना लंडनमार्गे तिकीट काढू नका, आखातातून जा.

बालाघाट
दहा दिवसांत चारही ठिकाणं म्हणजे गाडीच्या काचेतून आयर्लंड. माझं मत विचाराल तर डब्लिन दोन रात्री, क्लेअर (मोहरचे कडे तिथेच) किंवा शेजारचं गॉलवे चार, केरीतलं डिंगल तीन. कॉजवे सोडवत नसेल तर डब्लिनहून एक दिवसाची बस असते, पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. तिथले सुमारे ४०,००० खांब बेसाल्टचे, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. वेरूळचं कैलास ज्या दगडात कोरलंय त्याचाच भाऊबंद. दादांना दगडाची आवड असेल तर जा, नाहीतर तो दिवस केरीला द्या.

डब्लिनमध्ये गाडी घेऊच नका. बस-ट्रामचं लीप कार्ड काढा, मोठ्यांच्या २ युरोंच्या भाड्यात ९० मिनिटं बस-ट्राम बदलता येते. डब्लिन किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय फुकट आहे आणि तिथे मुघल चित्रंही आहेत. शहर सोडायच्या दिवशी विमानतळावरून गाडी उचला. डब्लिनभोवतीच्या एम-५० महामार्गावर टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत ऑनलाइन भरला नाही तर दंड. गाडी देणारी कंपनी तो भरते की तुम्ही, हे काउंटरवरच विचारा.

गाडी डावीकडूनच चालते, हा आपला फायदा. अडचण रुंदीची. खेड्यातल्या रस्त्याला कड नाही; झुडपांच्या आत दगडाची पौळ लपलेली असते. समोरून ट्रॅक्टर आला की माणूस डावीकडे दबतो आणि डावा आरसा नाहीतर टायर जातो. म्हणून लहान गाडी घ्या, आणि टायर-काचेचा विमा धरलाय का ते वाचून घ्या. ऑटोमॅटिक महाग पडते आणि आधी सांगावी लागते. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. पेट्रोलच्या पंपाची नळी हिरवी, डिझेलची काळी.

क्लेअरहून केरीला जाताना लिमरिकचा वळसा घेऊ नका. किलिमरहून टार्बर्टला गाडीसकट फेरीबोट जाते, २० मिनिटांत शॅनन नदी पार. पुढे रिंग ऑफ केरी या गोल रस्त्यावर (१७९ किमी) पर्यटक बसा किलार्नीहून घड्याळाच्या उलट दिशेने जातात. तुम्हीही त्याच दिशेने पण त्यांच्या आधी, सकाळी ८ ला निघा. उलट गेलात आणि समोरासमोर गाठ पडली तर मागे घ्यायची पाळी तुमच्यावर येते. वेळ एकाच चकरेचा असेल तर मी डिंगलचा स्ली हेड रस्ता निवडेन. जेमतेम ५० किलोमीटर, पण थांबावंसं वाटतं अशा जागा पावलोपावली.

मोहरचे कडे सर्वात उंच जागी २१४ मीटर आहेत. कठड्याच्या आतून चाला. बाहेरच्या गवताखाली माती सुटलेली असते आणि वारा ढकलतो. कडेची पायवाट कधी काही भागात बंद असते, ते आदल्या दिवशी पाहा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी जाणं उत्तम. पावसाचं म्हणाल तर डब्लिनचा वर्षाचा आकडा आपल्याकडच्यासारखाच, ७५० मिमीच्या आसपास. फक्त तो चार महिन्यांत न पडता बारा महिने थोडा थोडा पडतो. छत्री वाऱ्याने उलटते. टोपीचं रेनकोट जॅकेट आणि न घसरणारे बूट हवेत.

गोदाकाठ_नांदेड
मूळ प्रश्न पाहुणचाराचा होता, त्यावर. हॉटेलपेक्षा बी अँड बीत राहा, म्हणजे घरमालकीण स्वतः सकाळचा नाश्ता करून वाढते ते घर. पोचायची वेळ आधी कळवा आणि उशीर होत असेल तर फोन करा, कारण ती बाई तुमच्यासाठी थांबलेली असते. आल्या आल्या चहा विचारतात. पहिल्यांदा 'नको' म्हटलं की पुन्हा विचारतात, आपल्यासारखाच आग्रह. चहा कडक असतो, दूध वेगळं.

'शाकाहारी' एवढंच सांगून भागत नाही. 'मांस, मासे, अंडी नाही' असं बुकिंगच्या वेळीच लिहा. नाश्त्यातलं ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं. भाज्यांच्या सूपला कोंबडीचं पाणी वापरलंय का ते दरवेळी विचारा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे सोडा घातलेला ब्राउन ब्रेड, लोणी, लापशीसारखं ओट्सचं पॉरिज आणि कोबी घालून घोटलेला बटाटा, त्याला कोलकॅनन म्हणतात. लहान गावात स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं. उजेडाला फसू नका. सामानात येसर, शेंगदाण्याची चटणी पॅकबंद न्या. तूप, पेढे, खवा नको, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

टाळघोष
पबला घाबरू नका. दुपारी तिथे म्हाताऱ्या बाया चहा-सूप घेऊन बसलेल्या असतात, आणि चहा मागितला तर कुणी वळूनही पाहत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी 'राउंड'मध्ये शिरू नये, कारण एकाने सगळ्यांसाठी घेतलं की पाळीपाळीने प्रत्येकाला घ्यावं लागतं. सुरुवातीलाच 'मी चहाच घेणार' म्हणा. आणि एक सांगतो: तिथे १८९८ पासून 'पायोनियर' नावाची दारू सोडणाऱ्यांची संस्था आहे. दारू न घेण्याचं वचन दिलेली माणसं कोटावर पिन लावतात. पिनवाले आता कमी राहिलेत, बरेचसे वयस्कर. पण दादांच्या गळ्यातल्या माळेचा अर्थ सांगितला तर त्यांना लगेच कळेल.

गाण्याच्या बैठकीला सेशन म्हणतात. डूलिन, एनिस, डिंगलमध्ये ती बहुतेक रात्री नऊ-साडेनऊनंतर सुरू होते. रविवारी दुपारीही असते. कोपऱ्यातलं टेबल वादकांचं, तिथे बसू नका. तिथे मंच नाही, भजनाच्या फडासारखे गोल बसतात. वाद्यं म्हणजे फिडल (व्हायोलिन), बासरी, कोपराने हवा भरायची इलन पाइप्स ही बॅगपाइप आणि बोकडाच्या कातड्याचं बोरान, म्हणजे डफासारखं वाद्य. एक चाल दोन-तीनदा फिरवून न थांबता पुढचीत शिरतात. चालींपैकी जिग सहा मात्रांची, रील चारची; दादरा-केरवा कानात असलेल्या माणसाचा पाय आपोआप ठेका धरतो. एखादा वाद्याशिवाय एकटा गाऊ लागला की मात्र पूर्ण गप्प बसायचं, तेव्हा ताटलीचाही आवाज करत नाहीत.

मांजराकाठ (लातूर)
मनापासून आभार. आईला पाट्या वाचायला जमेल का?

गोदाकाठ_नांदेड
रस्त्यावर बहुतेक पाट्या दोन भाषांत असतात. डिंगलजवळ मात्र नुसत्या आयरिश. डिंगलचं नाव 'अन डँगन' शोधा. एक पाठ करून घ्या ताईंकडून: स्वच्छतागृहावर एम-एन-ए लिहिलेलं बायकांचं, एफ-आय-आर पुरुषांचं. पहिलं इंग्रजी 'मेन'सारखं दिसतं आणि माणसं चुकून आत शिरतात.