आईचा खांदा आखडलाय, मशीन लावूनही हात वर जात नाही, काय करावं?

अमळनेरचा_पोऱ्या:
नमस्कार मंडळी. आईचं वय ५४, शुगर आहे, गोळ्या चालू. उजवा खांदा दिवाळीपासून दुखतोय, आधी वाटलं कापूस वेचणीमुळे असेल, चार दिवस आराम केला की जाईल, पण आता हात डोक्यापर्यंत पण जात नाही, वेणी बहीण घालून देते, ब्लाउज घालताना रडायला येतं तिला आणि रात्री त्या कुशीवर झोप नाही. एक्सरे नॉर्मल आला. डॉक्टर म्हणे फ्रोजन शोल्डर आहे, फिजिओथेरपी करा. तालुक्याला जाऊन मशीन लावून येते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत तेच. गावातले सांगताहेत की हात ओढून मोकळा करणारा एक माणूस आहे त्याच्याकडे न्या. आखाजीला (अक्षय तृतीयेला) खापरावरच्या, म्हणजे चुलीवरच्या उपड्या मातीच्या भांड्यावरच्या पोळ्या आमच्याकडे तीच करते, यंदा माझ्याच्यानं होणार नाही म्हणाली, तेव्हापासून मलाच चैन नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

फिजिओ_भुसावळ:
भाऊ, पहिली गोष्ट, झटका देऊन ओढणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. खांद्याच्या सांध्याभोवती जे आवरण असतं ते सुजून जाड होतं आणि आकसतं, एक्सरेत हाड दिसतं, हे आवरण दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. ते जबरदस्तीने ओढलं तर सूज वाढते, आणि हाड ठिसूळ असेल तर मोडू पण शकतं.
घरी एक बघा. आईला कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा, मग तुम्ही हळूच फिरवून बघा. तुमच्या हाताने पण फिरत नसेल तर आखडलेलाच आहे. पण तुम्ही हात सहज वर नेताय आणि सोडला की तिला धरून ठेवता येत नाही असं असेल तर स्नायूची दोरी फाटलेली असू शकते, मग डॉक्टरांना सोनोग्राफीचं विचारा, त्याची ट्रीटमेंट वेगळी.
मशीनने दुखणं थोडं कमी होतं, हात मोकळा होतो तो व्यायामानेच, आणि तो रोज घरी करावा लागतो. टेबलाला डावा हात टेकून पुढे वाकायचं, उजवा हात एकदम सैल लोंबता सोडायचा आणि छोटी छोटी वर्तुळं काढायची. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची, चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा. भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत वर चढवायची, जिथपर्यंत गेली तिथे खडूने खूण करा, फरक डोळ्याला दिसला की पेशंट मनापासून करतो. ताण जाणवला पाहिजे पण नंतर अर्ध्या-एक तासात दुखणं शांत झालं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं समजा, दुसऱ्या दिवशी कमी करा पण बंद करू नका. रात्री कोपराखाली उशी द्या.
पूर्ण मोकळा व्हायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात, हे आईला आत्ताच सांगून ठेवा. शुगरवाल्यांना हा त्रास जास्त होतो आणि बरा पण हळू होतो, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट (HbA1c) करून घ्या, थायरॉइड पण बघा.

केळीवाला_रावेर:
भो, माझा डावा धरला होता, मला पण शुगर. दुखणं इतकं की व्यायाम सुचायचाच नाही, मग डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे हात हलवता आला. त्या इंजेक्शनने काही दिवस शुगर वाढते, घरी मशीनवर तपासत राहा. मी चौकटीला कप्पी बांधून दोरी टाकली होती, चांगल्या हाताने ओढायची की दुखरा आपोआप वर, शेतातून आलो की आधी तेच.

अमळनेरचा_पोऱ्या:
फिजिओ भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच फिरवून पाहिलं, माझ्या हाताने पण फिरत नाही. आई तव्यावर कपडा तापवून शेकते ते चालेल का? आणि भाकऱ्या थापू द्यायच्या का?

फिजिओ_भुसावळ:
तव्यावरचा कपडा नको. शुगरमुळे कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या हाताला लावून बघा, व्यायामाच्या आधी १०-१५ मिनिटं पुरे. भाकरी थापू द्या, हात खालीच असतो, घरकाम पूर्ण सोडलं तर अजून आखडेल. पोळी खापरावर टाकायला दोन्ही हात उचलून फिरवावे लागतात, तेवढं यंदा बहिणीला करू द्या, आईने शेजारी बसून सांगावं. खर्च झेपत नसेल तर धुळे किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चौकशी करा. आणि हाताबरोबर छातीत दाब, घाम, दम असं कधी झालं तर खांद्याचं समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना.

शहादा_ताई:
दादा, ब्लाउजचं सांगते, माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता. घालताना दुखरा हात आधी बाहीत, मग चांगला. काढताना उलटं, चांगला आधी बाहेर काढायचा. बाह्या सैल शिवून घ्या, घट्ट बाहीतच सगळा जीव जातो.