शब्दचर्चा: पत्ता कथेला ‘जागला’ की ‘वठला’?

जळगावकर:

नमस्कार मंडळी. दोन शब्द हवे आहेत.

आमच्या मित्रमंडळात फोनवर आणि कॉम्प्युटरवर खेळायच्या पत्त्यांवर खूप बोलणं होतं. ग्वेंट, हार्थस्टोन, मॅजिक अरीना, लेजंड्स ऑफ रुनटेरा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात जो कॅट पिसला जातो, त्यातला राजा कुठल्या राज्याचा आणि गुलाम कोणाचा हे कोणी विचारत नाही. या खेळांत मात्र प्रत्येक पत्त्याला नाव, गाव, पूर्वायुष्य असतं, कारण पत्त्यांच्या आधी ते जग तयार झालेलं असतं. ग्वेंटच्या मागे पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या विचरकथा आहेत, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या ‘विचर’ लोकांच्या कथा. हार्थस्टोनच्या मागे १९९४ पासून चालत आलेलं वॉरक्राफ्टचं जग आहे. मॅजिकचा २०२३ चा एक संच तर टोलकीनच्या मध्यभूमीवरच बेतलेला आहे.

त्या जगातल्या वंशावळी, युद्धं, शाप, देव, नकाशे या सगळ्याला खेळणारे ‘लोर’ म्हणतात. मला या खेळांवर मराठीत सविस्तर लिहायचं आहे. तेव्हा एक, ‘लोर’ला काय म्हणावं? आणि दोन, एखादा पत्ता त्या लोरशी प्रामाणिक आहे हे एका क्रियापदात कसं सांगावं? ‘लोर-अ‍ॅक्युरेट आहे’ असं लिहिलं की वाक्य मराठी राहत नाही. ‘मूळ साहित्यकृतीशी सुसंगत आहे’ असं लिहिलं की ते सरकारी पत्रासारखं वाटतं.

धुळ्याचे आप्पा:

पहिल्या शब्दाबद्दल आधी. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द ‘ऐतिह्य’. ‘इति ह’ म्हणजे ‘असं होतं म्हणे’, त्यावरून परंपरेने हाती आलेली माहिती. पण तो आज कोणाच्या तोंडी नाही आणि ‘ऐतिहासिक’शी त्याचा घोळ होईल. ‘दंतकथा’ नको, कारण ऐकणारा लगेच ‘म्हणजे खोटं’ असं समजतो, आणि त्या जगाच्या आत तर ते खरंच घडलेलं असतं. ‘पुराण’ अर्थाला चालेल, पण ‘काय पुराण लावलंय’ या वाक्प्रचाराने त्याची पत घालवली आहे. ‘बखर’ मला आवडते, मात्र ती लिहिणारा कोणीतरी एक असतो, आणि लोर पुष्कळ हातांनी साचलेलं असतं.

आपल्या अहिराणीत ‘गोट’ म्हणजे गोष्ट. खान्देशापुरतं लिहायचं असतं तर मी तोच शब्द सुचवला असता. पण प्रमाण मराठीत गोट म्हणजे छावणी, ‘शत्रूच्या गोटात’ म्हणतात तो. लढाईच्या खेळावरच्या लेखात ‘निल्फगार्डचा गोट’ (निल्फगार्ड म्हणजे विचरकथांमधलं साम्राज्य) असं लिहिलंत, तर पुण्याचा वाचक छावणीच समजेल.

साधं ‘मूळकथा’ लिहा. जिथे नकाशे-वंशावळीसकट सगळं सांगायचं असेल तिथे ‘कथाविश्व’.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाषेत तयार आहे: जागणे. शब्दाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे, तसा ‘हा पत्ता मूळकथेला जागतो’. अकर्मक क्रियापद आहे, आधी ‘ला’ लागतो, आणि त्यात निष्ठा आहे. ‘सुसंगत’ या शब्दात ती नाही.

भुसावळची ताई:

आप्पा, ‘जागणे’ सुंदर आहे, पण त्याने अर्धंच काम होतं. ग्वेंटवरून सांगते, तो मला तळहातासारखा माहीत आहे.

ग्वेंट आधी २०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये खेळातला खेळ म्हणून आला आणि २०१८ मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून पूर्ण रूपात बाहेर पडला. मूळ कादंबरीतही बुटके लोक हा डाव खेळतात. पोलिशमध्ये त्याचं नाव ‘ग्विंट’, म्हणजे स्क्रूचे आटे. कादंबरीच्या इंग्रजी अनुवादात त्याचं ‘बॅरल’ झालं. पण कादंबरीत दिसणारा डाव आणि आपण खेळतो तो ग्वेंट यांचे नियम वेगळे आहेत. म्हणजे खेळाने मूळकथेतून घेतलं ते नाव आणि बुटक्यांची ती आवड. इथपर्यंत ‘जागला’ म्हणता येईल.

आता ‘विचर ३’मधला गेराल्टचा, म्हणजे विचरकथांच्या नायकाचा, पत्ता घ्या. कथांमध्ये गेराल्टचा सगळा झगडा कोणाच्याच बाजूने न लढण्याचा आहे. पत्ताही तटस्थ गटात आहे, कुठल्याही कॅटमध्ये घालता येतो. माणूस ओळखू येतो, गट बरोबर आहे. जागला. पण तो करतो काय? पंधराचा आकडा (पत्त्याची ताकद) धरून रांगेत उभा राहतो. ना तलवार, ना चिन्हांची जादू. त्याच्या मानसकन्येचा, सिरीचा, पत्ताही तिथे तसाच पंधराचा.

स्वतंत्र ग्वेंटच्या बीटा म्हणजे चाचणी आवृत्तीत मात्र सिरी बदलली. तुम्ही फेरी हरलात की ती तुमच्या हातात परत यायची. कथेत सिरीला काळ आणि जग ओलांडून निसटता येतं, कोणी तिला एका जागी धरून ठेवू शकत नाही. इथे चित्र झाका, नाव झाका, नुसती चाल बघा, तरी ओळखाल की ही सिरी आहे. याला ‘जागली’ म्हणून माझं समाधान होत नाही. यासाठी वेगळा शब्द हवा.

धुळ्याचे आप्पा:

ताई, तुमचा शब्द रंगमंचावर आहे. ‘वठणे’.

वगात राजाचं सोंग आणलेला माणूस फेटा-तलवार नेमकी घालून येतो, तरी कधीकधी सोंग वठत नाही. दुसरा साध्या धोतरावर येतो आणि पहिल्या वाक्यालाच राजा होतो. पोशाख पात्राला जागलेला असतो. वठतं ते वागण्याने. पत्त्यावरचं चित्र, नाव आणि खालची तिरकी ओळ हा पोशाख. पत्त्याची चाल हे वागणं.

एक सावधगिरी. ‘झाड वठलं’ म्हणजे वाळलं. तेव्हा ‘वठलेला पत्ता’ असं विशेषण शक्यतो टाळा, कोणी सुकलेला समजेल. ‘पत्ता वठला’ किंवा ‘पत्त्यात सिरी वठली’ असं क्रियापदानेच बोला. खेळ बनवणाऱ्याबद्दल बोलायचं तर ‘वठवली’.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात होते, रात्री मांडला तर कृष्णाच्या. रामजन्म भर दुपारी, कृष्णजन्म मध्यरात्री. नियमाचं मूळ तेच असावं असं मला वाटतं. म्हणजे चित्रावर न थांबता कथा थेट नियमात उतरली. दशावतारी गंजिफा माझ्या मते पुरता वठलेला खेळ आहे.

शिरपूरचा भाऊ:

आप्पा, या दोन शब्दांनी माझा एक जुना वाद सुटेल. मॅजिकच्या टोलकीन संचातली ‘द वन रिंग’, म्हणजे कथेतली ती एकमेव जादूची अंगठी.

पत्ता मांडल्यावर तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत तुम्हाला कोणीही हात लावू शकत नाही. मग प्रत्येक पाळीला तिच्यावर एक ‘भार’ चढवता येतो आणि जितके भार तितकी पानं ओढता येतात. पण पाळी सुरू होताना जितके भार तितके तुमच्या जीवाचे गुणही जातात. आधी एक, मग दोन, मग तीन. हाव वाढते तसा माणूस झिजतो. ती अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोची सगळी वाट या एका नियमात आहे. कादंबरीत तोच शब्द वारंवार येतो, वाहायचं ओझं. वठला म्हणजे किती वठावा!

आता दुसरी बाजू. हाच पत्ता एका कॅटमध्ये चार घालता येतो. दुसरी अंगठी मांडली की एकाच नावाच्या दोन वस्तू राहू शकत नाहीत, म्हणून जुनी टाकून द्यायची. भार शून्यावर, संरक्षण पुन्हा नवं. खेळणारे मुद्दाम हेच करायचे. जगात एकच असलेल्या अंगठीची चार पानं, आणि ओझं वाढलं की नवी काढायची! चाल वठली, पण पत्ता मूळकथेला जागला नाही. ताईंच्या गेराल्टच्या बरोबर उलट.

त्याच संचात ‘नाझगूल’ (अंगठीच्या मालकाचे भुतासारखे स्वार) नावाच्या पत्त्याला खास सूट आहे. इतर बहुतेक पत्ते चारच्या वर घेता येत नाहीत, हा नऊपर्यंत घेता येतो, कारण कथेत ते नऊच आहेत. अंगठीचा मोह तुम्हाला पडला की तुमच्या बाजूचे ते सगळे बलवान होतात. हा जागलाही आणि वठलाही.

जळगावकर:

शिरपूरचे भाऊ, ‘मोह’वर मात्र माझी हरकत आहे. त्या संचात ‘अंगठी तुम्हाला मोह घालते’ अशी एक सामायिक क्रिया आहे. तुमच्या एका पात्राला अंगठीवाहक नेमायचं. पहिल्या मोहात जास्त ताकदीचे त्याला अडवू शकत नाहीत. दुसऱ्यात पान ओढून एक टाकायला मिळतं. तिसऱ्यात जो अडवेल त्याचा बळी जातो. चौथ्यात प्रतिस्पर्ध्याच्या जीवाचे गुण कमी होतात. चारही पायऱ्या निव्वळ फायद्याच्या. माझं काहीच जात नाही! टोलकीनची अंगठी वाहणाऱ्याला पोखरते. किंमत नसलेल्या गोष्टीला मराठीत मोह म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ही क्रिया अजिबात वठलेली नाही.

शिरपूरचा भाऊ:

मोह पडतो तेव्हा लाभच दिसतो ना भाऊ? किंमत नंतर कळते.

जळगावकर:

हो, पण ‘नंतर’ त्या डावात येतच नाही. पाचवी पायरी असती आणि तिथे वाहकच उलटला असता, तर मी गप्प बसलो असतो. नाझगूलवर ती किंमत टाकली आहे म्हणावं, तर ते बलवान होतात माझ्याच बाजूचे.

चाळीसगावकर:

हार्थस्टोनबद्दल थोडक्यात. २०१४ चा हा खेळ स्वतःला वॉरक्राफ्टच्या जगातल्या एका सरायखान्यात खेळला जाणारा डाव म्हणवतो. सराईत बसून लोक आपल्याच वीरांच्या पत्त्यांनी खेळतात, हसतात. त्यामुळे तिथे थट्टा आली तरी मूळकथेला धक्का लागत नाही. ही चौकटच हुशार आहे. डेथविंगचा पत्ता बघा. हा ड्रॅगन उतरला की पटावरचे बाकी सगळे मरतात आणि तुमच्या हातातली पानंही जातात. वॉरक्राफ्टमध्ये त्याने अख्खं जग फोडलं होतं, आपला-परका बघितला नव्हता. वठला. सिल्व्हानसही तशीच, मरताना समोरचा एक मोहरा आपल्याकडे ओढून घेते.

एक प्रश्न. ‘स्पाय’ला मराठीत काय लिहिता?

भुसावळची ताई:

चाळीसगावकर, बरं विचारलंत. माझ्या मते एका शब्दाने भागत नाही.

‘विचर ३’च्या ग्वेंटमध्ये हा पत्ता तुम्ही शत्रूच्या बाजूला ठेवता. त्याची ताकद शत्रूला मिळते आणि तुम्हाला दोन नवी पानं मिळतात. सोंग शत्रूचं, बातमी आपली. हा ‘हेर’. व्हातिए द रिदो कादंबरीत निल्फगार्डच्या हेरखात्याचा प्रमुख आहे, त्याचा पत्ता चारचा. शत्रूला थोडं देऊन पुष्कळ आणतो. हेर म्हणून वठला.

पण त्याच गटात स्टेफान स्केलेनचा पत्ता नऊचा आहे, नियम तोच. कादंबरीत हा माणूस आपल्याच सम्राटाविरुद्ध कट करतो. त्याला मी हेर म्हणणार नाही. बहिर्जी नाईकांना आपण हेर म्हणतो, किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याला फितूर म्हणतो. स्केलेन फितूर आहे. खेळाने दोघांना एकच नियम दिला, फक्त आकडा वाढवला. तरी नऊची ताकद उचलून समोरच्याच्या पदरात टाकावी लागते तेव्हा ते चांगलंच बोचतं, आणि तेवढ्या क्षणापुरता स्केलेन फितूर म्हणूनही वठतो. म्हणून पत्त्याच्या प्रकाराला ‘हेर’ लिहावं आणि स्केलेनबद्दल लिहिताना ‘फितूर’.

धुळ्याचे आप्पा:

मान्य. ‘घरभेदी’ही आहे, पण त्यात नात्यातला माणूस ध्वनित होतो. स्केलेन सम्राटाच्या नात्यातला नसेल तर फितूरच बरोबर.

भुसावळची ताई:

नात्यातला नाही आप्पा, दरबारी अधिकारी आहे.

जळगावकर:

ताई, आप्पा, शिरपूरचे भाऊ, फार उपयोग झाला. मी ‘मूळकथा’, ‘जागणे’, ‘वठणे’ हे तिन्ही घेतो. मसुद्यातली दोन वाक्यं इथे टाकतो, चुकत असेल तर सांगा.

‘रुनटेरामधली फिओरा कोणाशी झुंजायचं ते स्वतः निवडते, आणि पूर्ण रूपात आल्यावर चार शत्रू मारून जिवंत राहिली तर डावच जिंकून देते; द्वंद्वात हरायचं नाही हा तिचा स्वभाव त्या नियमात वठला आहे.’

‘विचर ३ मधला गेराल्ट तटस्थ गटात राहून मूळकथेला जागतो, पण वठत नाही.’

शिरपूरचा भाऊ:

पहिलं वाक्य गोट खरी शे. दुसऱ्यावर मी अडतो. त्याच खेळातल्या थंडीच्या पत्त्याने पुढच्या रांगेतल्या प्रत्येक साध्या सैनिकाची ताकद एकवर येते आणि गेराल्ट पंधरावरच उभा असतो. ना थंडी त्याला लागते, ना ‘स्कॉर्च’ची आग. माणसं गोठतात तिथे विचर तग धरतो, हे त्याचं वागणंच नाही का?

भुसावळची ताई:

ते संरक्षण सगळ्याच वीरपत्त्यांना (खेळातल्या ‘हीरो’ प्रकारच्या पत्त्यांना) आहे, भाऊ. त्यांत विचर नसलेलेही आहेत. सगळ्यांना सारखं मिळालेलं वागणं एकट्या गेराल्टचं कसं धरायचं? जळगावकर, वाक्य आहे तसंच ठेवा.