स्वतःचं आयकर विवरणपत्र स्वतः भरताना : तुमचे अनुभव लिहा

जुलै लागला की आमच्या कार्यालयात एकच विषय, "तुझा फॉर्म १६ आला का?" (फॉर्म १६ म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा कार्यालयाने दिलेला दाखला.) मी गेली काही वर्षं माझं विवरणपत्र स्वतःच भरते. आपल्याकडे पैसा कुठून आला आणि त्यातला किती कापला गेला, हे वर्षातून एकदा तरी आपल्याच डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कुठे अडलात, काय सुटलं, ते सविस्तर लिहा. पहिल्यांदा भरणाऱ्याला आधार होईल.

माझ्यापासून सुरुवात. पहिली तीन वर्षं मी फॉर्म १६ वरचे आकडे बघून 'सहज' (आयटीआर-१, विवरणपत्राचा सोपा नमुना) भरून मोकळी व्हायचे. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापत नाहीत, म्हणजे ते दाखवायचं नसतं, अशी माझी समजूत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस (आपल्या उत्पन्नाची आयकर खात्याकडे आलेली माहिती एकत्र दाखवणारं वार्षिक पत्रक) सुरू झालं. ते उघडलं तर तीन खात्यांचं व्याज, मुदतीआधी मोडलेली एफडी, लाभांशाचे सव्वाशे रुपये, सगळं मांडून ठेवलेलं! आता मी आधी एआयएस आणि २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक) उतरवून घेते, शेजारी पासबुकं ठेवते आणि नोंदीनोंदीवर पेन्सिलीने खूण करते. (एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड : इंग्रजी लहान अक्षरांत पॅन, त्याला जोडून जन्मतारीख.) आयत्या भरून आलेल्या आकड्यांवर विसंबू नका. एकदा माझ्या एफडीचं व्याज दोनदा आलं होतं. अशा नोंदीवर एआयएसमध्येच हरकत नोंदवता येते.

*

कोल्हापूरहून लिहिते आहे. विवरणपत्र आयुष्यभर यजमानांनीच भरलं. ते गेले त्या वर्षी वारस म्हणून आयकर खात्याच्या पोर्टलवर नोंदणी करून त्यांचं शेवटचं विवरणपत्र मी भरलं. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या नावावर, पुढचं माझ्या. ते नीट जमलं. चूक झाली माझ्या स्वतःच्या विवरणपत्रात. फॅमिली पेन्शन मी पगाराच्या रकान्यात दाखवली आणि वर पन्नास हजारांची प्रमाणित वजावट (पगारावर सरसकट मिळणारी) घेतली. भाच्याने बघितलं म्हणून कळलं, ती 'इतर स्रोतां'त जाते. तिची वजावट वेगळी : पेन्शनचा तिसरा हिस्सा किंवा १५,०००, यातलं जे कमी ते. नव्या करपद्धतीत कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून) १५,००० च्या जागी २५,००० आहेत. त्या वर्षीची डिसेंबरअखेरची मुदत संपायच्या आत लक्षात आल्यामुळे सुधारित विवरणपत्र भरता आलं. यांच्या कपाटात वर्षवार लावलेली फाइल सापडली. माझे कागद आता त्याच फाइलीत पुढे लावते.

*

ताई, तुमचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता हातात आला आणि त्या वर्षीचं उत्पन्न एकदम फुगलं. हा फरक २०१६ ते २०१८ या काळातला, म्हणून आयकर कायद्याच्या (१९६१) कलम ८९ खाली, थकलेला पगार एकदम मिळाल्याने वाढलेल्या करात सवलत मिळते, एवढं मला माहीत होतं. रात्र जागून प्रत्येक वर्षाचा कर काढला, विवरणपत्रात सवलत लिहिली. काही महिन्यांनी १४३(१) ची सूचना (विवरणपत्र तपासून आयकर खातं पाठवतं ती) आली : सवलत नामंजूर, वर कराची मागणी. कारण एवढंच की फॉर्म १० ई (या सवलतीचा हिशेब देणारा) मी भरलाच नव्हता. तो पोर्टलवर वेगळा आणि विवरणपत्राच्या आधी भरायचा असतो. पुढच्या हप्त्याला पंचायत समितीतून फरकाचा वर्षनिहाय तक्ता आणला, आधी १० ई, मग विवरणपत्र. सवलत पूर्ण मिळाली. शिक्षक बंधुभगिनींनो, तो तक्ता मागून घ्याच, त्याशिवाय गणित सुटत नाही.

*

दुबईहून. आम्हा अनिवासी भारतीयांना 'सहज' चालत नाही, आयटीआर-२ हा नमुना लागतो. एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) ठेवीच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते. भारतातलं माझं दुसरं उत्पन्न नाही आणि व्याज करमुक्त मर्यादेच्या आत, त्यामुळे कापलेलं सगळं परत मिळतं. पण विवरणपत्र भरलं तरच. दोन वर्षं मी ते सोडून दिलं, याची अजून हळहळ वाटते.

*

माझं थोडक्यात. २८ जुलैला विवरणपत्र सादर केलं, पावती आली आणि मी निर्धास्त झालो. ई-पडताळणी (विवरणपत्र आपणच भरलं याची ऑनलाइन खात्री) राहून गेली. पूर्वी तिला १२० दिवस असत, ऑगस्ट २०२२ पासून ३०. मी ती केली सप्टेंबरात, म्हणून विवरणपत्राची तारीखही सप्टेंबरची धरली गेली आणि पाच हजार विलंब शुल्क बसलं. आधारशी जोडलेला मोबाइल शेजारी असल्याशिवाय मी आता भरायला बसतच नाही. सादर केलं की तिथेच ओटीपी टाकतो.