जोतं उंच घेतलं की झालं?
‘नव्या टॉवरचं जोतं ४ फूट उंच आहे, पाणी शिरणारच नाही’ असं नव्या इमारतींबद्दल सांगतात ते खरंय, पण टॉवरपुरतं. ते पाणी आमच्याकडे येतं. नवी मुंबईत वाशीला आमची जुनी, सखल सोसायटी. शेजारी भराव पडल्यापासून जिन्याखाली मीटरच्या पेटीच्या जेमतेम वीतभर खाली गढूळ रेघ उमटते.

मुळात इथली बरीच जमीन भरतीच्या पातळीखालची. म्हणून तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोने होल्डिंग पाँड (पाणी साठवून ठेवणारे तलाव) बांधले: भरतीत झडपा खाडीचं पाणी अडवतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. आता त्या तलावांत गाळ साचलाय, वर खारफुटी वाढलीय. ती कोर्टाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोवर आमच्या फ्रिजवर भरतीचं वेळापत्रक चिकटवलेलं, दुधाच्या हिशोबाशेजारी.